डॉक्टर मॅडमच्या गाडीची खरी गोष्ट

मोठी गाडी घेणारा माणूस आधी मायलेज विचारत नाही. विचारतो, पण नंतर, हळू आवाजात, बायको जरा लांब गेली की. त्याआधी गाडीवरचं लाल कापड ओढलं जातं, टाळ्या होतात, फोटो निघतात, मग सगळं कुटुंब दाराशी येऊन उभं राहतं आणि कुणीतरी विचारतं, "काका, आमच्या आई यात चढतील कशा?"

प्रश्न रास्त असतो. पायरी मांडीइतकी उंच असते. मी सांगायचो, आधी वरची कडी पकडा, मग उजवा पाय, मग बसा. बसल्यावर डावा पाय आपोआप येतो. आई चढत. वर बसल्यावर त्या काचेतून खाली बघत आणि त्यांचा चेहरा बदलायचा. इतक्या उंचावरून आपल्या माणसांना त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "जावईबापूंना टक्कल पडतंय, हे आजच कळलं."

इंदूरच्या बायपासवर एका शोरूममध्ये मी डिलिव्हरीचं काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे त्यात चूक कंपनीची नाही. आमच्याकडे चारही चाकांना ताकद जाते अशा मोठ्या गाड्या विकल्या जात. विकणारी माणसं वेगळी, दुरुस्त करणारी वेगळी. मी मधला. गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी मालकाच्या शेजारी तासभर बसायचं आणि गाडी त्याला समजावून सांगायची. सगळे मला वसंतकाका म्हणत. माझे वडील परदेशीपुऱ्यात मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडली तेव्हा मी जवळच्याच एका जीपच्या गॅरेजात चिकटलो, आणि तिथून पुढे आयुष्यभर हाताला ग्रीसचा वास राहिला.

जीपवर वाढलेला माणूस मी. पण या नव्या गाड्यांनी मला म्हातारपणी पुन्हा लहान केलं. शोरूमच्या मागे आम्ही मुरूम टाकून एक चढ-उतार बांधला होता. उतार इतका तीव्र, की वरून पाहिलं तर समोर जमीनच दिसायची नाही, नुसतं आभाळ. मी मालकाला स्टिअरिंगवर बसवायचो, एक बटण दाबायला लावायचो आणि म्हणायचो, "आता दोन्ही पाय वर घ्या. ब्रेक नको, काही नको." कुणीही पाय वर घ्यायचं नाही. पोलिसातला एक मोठा अधिकारी चक्क रामनाम घ्यायला लागला होता. शेवटी पाय वर यायचे, गाडी पुढे झुकायची आणि आपली आपण उतरायला लागायची. एकेक चाक जपून, थांबत थांबत, खाली कुठे पाय ठेवायचा ते बघत हत्ती उतरावा तशी. इंजिनाचा घुर्र आवाज, ब्रेकची कुरकुर, बाकी शांतता. खाली सपाटीवर आल्यावर मालक मागे वळून त्या उताराकडे बघायचे. मीही बघायचो. असे शेकडो उतार पाहिले असतील, पण त्यातली गंमत शेवटपर्यंत गेली नाही.

प्रश्न मात्र तेच ते. पाणी किती चालतं? मी सांगायचो, साठलेलं असेल तर चाकाच्या मध्यापर्यंत, हळू, न थांबता. वाहतं असेल तर अजिबात नाही, रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, घोटाभर वाहत असलं तरी थांबून चहा प्या. इतकी जड गाडी पाण्यात हलकी होते, हे कुणाला खरं वाटायचं नाही. काळ्या मातीत रुतली तर? पाय जोरात दाबू नका, जितका दाबाल तितकी खाली जाईल. टायरची हवा कमी करा. आणि रोज फक्त गल्लीतून दुकानापर्यंत नेणार असाल तर आठवड्यातून एकदा हायवेवर नेऊन पळवा, नाहीतर धुराच्या नळीतली काजळी जळत नाही आणि गाडी रुसते.

रुसण्यावरून एक सराफ आठवतात. डिलिव्हरीच्या दुसऱ्याच दिवशी गाडी सुरू होईना म्हणून आले. या गाड्यांना डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं, त्यात धूर स्वच्छ करायचं युरियाचं पाणी भरतात. तिथून काढलेलं पाणी तपासलं तर भलतंच काही. मी विचारलं, शेठजी, यात काय टाकलं?

"पूजा में पंडितजी ने डलवाया. नर्मदा मैया का जल है काका, एक लोटा. मैया के पानी में क्या खराबी?"

"मैया में कोई खराबी नहीं शेठजी. मशीन नास्तिक है."

ते इतके हसले की टाकी धुवायचे पैसे त्यांनी हसत हसत दिले. दुसऱ्या एकांनी गाडीच्या नाकावर झेंडूचा जाड हार घातला होता. तिथेच आत पुढचा अडथळा ओळखणारं यंत्र असतं. गाडी रस्ताभर 'समोर अडथळा' म्हणून ओरडत राहिली, आणि घरच्यांनी परत मंदिरात नेऊन नारळ फोडला.

अशा गोष्टी मला खूप सांगता येत. लोकांना त्या आवडत. मालक हसला की त्याच्या डोक्यात बसतं, हे मी लवकर शिकलो. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र या दोन्हींतली नव्हती. ती होती डॉक्टर मॅडमची. इंदुरात ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून गाडी घेतली, त्यांनी ती ऐकली आहे. आज ती परत सांगतो, यावेळी खरी.

आधी थोडं गाडीचं. आमच्या गाड्यांत 'फोर बाय फोर'चं एक गोल बटण होतं. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. बटण फिरवलं की पुढच्या आणि मागच्या चाकांची आतून गाठ बांधली जाते, चारही चाकं मिळून ओढतात. चिखलात, वाळूत, ओल्या चढावर हे वरदान आहे. पण सुक्या डांबरी रस्त्यावर नाही. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशोब जमतो. सुक्या रस्त्यावर घसरायला जागा नाही. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. सरळ धावता येतं. वळायला गेलं की एकाचा पाय दुसऱ्याला ओढतो. गाडीत तो ताण आतल्या साखळीवर आणि दातांवर येतो. चिखल संपला की गाठ सोडायची. हे प्रत्येक मालकाला सांगायचं, आणि माझ्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं.

डॉक्टर प्रज्ञा जनावरांच्या डॉक्टर. हातोदजवळ त्यांचा दवाखाना आणि आसपासच्या खेड्यांत फिरणं. पावसाळ्यात म्हैस अडली की काळ्या मातीतून जावं लागायचं, म्हणून त्यांनी स्वतःच्या कमाईवर ही गाडी घेतली. माहेर महूचं. वडील फौजेत गाड्या चालवून निवृत्त झालेले. ट्रक, ॲम्ब्युलन्स, साहेबांच्या जीपा, सगळं. मुलीला त्यांनीच स्टिअरिंगवर बसवलं होतं. डिलिव्हरीला ते काठी टेकत आले, कडक इस्त्रीचा सदरा. "जय भीम," म्हणाले, आणि पुढे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. टायर बघत राहिले.

नुकताच पाऊस झाला होता, मागचं अंगण चिखलाचं. मी बटण फिरवलं आणि मॅडमना शेजारी बसवून गाडी चिखलातून काढली. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. "काका, अजून एकदा!" अजून एकदा नेली. तेवढ्यात शोरूममधून हाक आली, "वसंतकाका, जल्दी! बिल्डर साहेब आ गए, उनका बैंड भी आ गया!" मी गाडी घाईघाईत काँक्रीटवर आणली, फोटोला उभी केली, मॅडमच्या हातात ती पुठ्ठ्याची मोठी चावी दिली, हसा म्हटलं, फोटो झाला. आणि बटण परत फिरवायचं राहिलं. ते महत्त्वाचं वाक्य सांगायचंही राहिलं. बँड वाजत होता.

तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन. "काका, गाडी वळताना जड जाते. कुणी मागून धरल्यासारखी वाटते."

"मॅडम, छोटी गाडी चालवायची सवय आहे तुम्हाला. ही मोठी आहे. महिनाभरात हात बसेल."

आठवड्याने परत फोन. "काका, हिसके देते. आणि समोर एक हिरवा दिवा सारखा असतो. तुम्ही जशी लावून दिलीत तशीच आहे हां, मी कशालाच हात लावलेला नाही."

"हिरवा ना? लाल असता तर काळजी होती. हिरवा म्हणजे चांगलं."

"म्हणजे तब्येत बरी आहे तिची," त्या हसल्या. मीही हसलो.

तो दिवा म्हणजेच ती बांधलेली गाठ. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मी तेव्हा जेवत होतो, का दुसऱ्या कुणाशी बोलत होतो, आता आठवत नाही. मनात त्यांचं म्हणणं शिरलंच नाही. एक बाई, मोठी गाडी, जड वाटते म्हणते. पुढचं मी ऐकलं नाही. पुरुष मालकाने हेच सांगितलं असतं तर मी 'गाडी घेऊन या' म्हटलं असतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पुढच्या महिन्यात वडिलांना शेजारी बसवून त्या एका लग्नाला निघाल्या होत्या. भंवरकुआं चौकात वळताना गाडीतून 'कडाड्' आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. आतली साखळी तुटली होती. तिथली संध्याकाळ ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सगळे कोचिंग एकदम सुटतात. चारी बाजूंनी हॉर्न, आणि शंभर पोरं मोबाइल वर करून. वडील खाली उतरले आणि काठी वर धरून ट्रॅफिक वळवायला लागले. त्या व्हिडिओत ते दिसतात. आणि एका पोराचा आवाज येतो, "अरे आंटी, स्कूटी ले लेतीं!" त्यावर सगळे हसतात. तो व्हिडिओ इंदूरभर फिरला.

गाडी आमच्याकडे ओढून आणली. मी आत डोकं घातलं, बटण पाहिलं आणि मला सगळं आठवलं. चिखल, टाळ्या, बँड. मागे वर्क्स मॅनेजर उभे होते. "पूरा महीना सूखे में फोर बाय फोर चलाया है. वसंतकाका, डिलिव्हरी में समझाया था?"

"सब समझाया था सर," मी म्हटलं.

एवढं एक वाक्य. मॅनेजरांनी मान हलवली, आणि ही मालकाची चूक म्हणून वॉरंटी नाकारली गेली.

गाडी दुरुस्त होऊन नेताना प्रज्ञाताई माझ्यासाठी पेढे घेऊन आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "काका, माझाच हात लागला असेल कुठेतरी बटणाला. तुम्हाला उगाच बोलणी बसली असतील ना?" मी म्हटलं, होतं असं कधी कधी. आणि पेढा खाल्ला. तिथेच, त्यांच्यासमोर. बरोबर एक नवीन ड्रायव्हर आला होता. राजू त्याचं नाव. चावी त्याने घेतली, ताई मागे बसल्या.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगायला लागलो. कुणाच्या आग्रहावरून नाही, स्वतःच. 'एक डॉक्टर मॅडम होत्या. महिनाभर हिरवा दिवा बघून खूश!' मालक हसायचा, त्याची बायको हसायची, आणि सुक्या रस्त्यावर बटण फिरवायचं नाही हे त्यांच्या डोक्यात कायमचं बसायचं. ही गोष्ट ऐकलेल्या एकाही माणसाने ती चूक केली नाही. मला वाटायचं, चला, काहीतरी भलं होतंय. गोष्टीत मी हळूहळू रंगही भरले. पोरांची नक्कल करायचो, हॉर्न वाजवून दाखवायचो. फोन दोनदा आला होता, हे मात्र कधी सांगितलं नाही.

निवृत्तीच्या थोडंसं आधीची गोष्ट. एक तरुण मुलगी गाडी घ्यायला आली. स्वतःचा व्यवसाय, स्वतःची गाडी, बरोबर तिचा भाऊ. तासभर तिने प्रश्न विचारून माझा जीव खाल्ला, सगळे चांगले प्रश्न. उतारावर तिने बाकीच्यांच्या निम्म्या वेळात पाय वर घेतले. शेवटी मी सवयीने डॉक्टर मॅडमची गोष्ट सांगितली. ती हसली. मग तिने चावी हातात जरा फिरवली आणि भावाकडे दिली. "घरापर्यंत तूच घे रे. बायपासला ट्रॅफिक आहे."

ट्रॅफिक नव्हता. दुपारची वेळ होती.

गाडी निघून गेली आणि मी फोटोच्या त्या जागेवर उभा राहिलो. अशा किती चाव्या मी इकडून तिकडे करायला लावल्या असतील, ते मला कळायला मार्ग नव्हता. एकीचा मात्र नाव-पत्ता माहीत होता. तरी हातोदला जायला मला निवृत्तीनंतरचं आणखी एक वर्ष लागलं. भ्यायलो होतो, दुसरं काही नाही.

दवाखान्याच्या अंगणात एक म्हैस बांधली होती आणि ताईंचा हात खांद्यापर्यंत आत होता. मला बघून ओरडल्या, "अरे काका! किती वर्षांनी! बसा, हिचं रेडकू आडवं आलंय." राजू म्हशीचं डोकं धरून उभा. मी बसलो. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्या आत काहीतरी शोधत होत्या, वळवत होत्या, म्हशीशी बोलत होत्या, "हो बाई, हो. थोडंच." बराच वेळ असा गेला. मग दोन खूर दिसले, मग नाक, आणि मग एकदम अख्खं ओलं जनावर पेंढ्यावर येऊन पडलं आणि शिंकलं. मी आयुष्यभर यंत्रं पाहिली. पण हे पाहून हात जोडले.

ज्या बाईला बटणाची अक्कल नाही म्हणून मी गावभर सांगितलं, ती ही बाई.

त्या हात धुवायला आल्या तेव्हा मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. चिखल, बँड, मॅनेजर, पेढा. माझी ती गाजलेली गोष्टही. त्यांनी नळ बंद केला. हात पुसत राहिल्या, कोरडे झाल्यावरही.

"गेली इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी आठवत बसलेय की माझा हात कधी लागला."

मी म्हटलं, माफ करा.

"मला सांगून तुम्हाला बरं वाटेल, काका. मला नका सांगू. बाबांना सांगा. त्या रात्री त्यांनी मला शब्दानेही टोकलं नाही. एवढंच म्हणाले, माझं शिकवणं कमी पडलं. तेव्हापासून गाडीत माझ्या शेजारी बसलेले नाहीत. महूहून इंदूरला बसने येतात, या वयात." मग म्हणाल्या, "आणि ज्यांना ज्यांना माझी गोष्ट सांगितलीत ना, त्यांनाही सांगा."

हे दुसरं काम मी इथे करतो आहे. आपल्या मंडळाचा दिवाळी अंक इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत जातो, आणि त्यांतल्या काहींच्या दारात आमच्या गाड्या उभ्या आहेत. तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेली गोष्ट खोटी होती. बटण मी फिरवलं होतं. मॅडमनी दोनदा फोन करून बरोबर तेच सांगितलं होतं जे गाडीत होत होतं. त्यांचं नाव मी त्यांना विचारून लिहिलं आहे.

पहिलं काम रविवारी झालं. आम्ही महूला गेलो त्याच गाडीतून. राजू चालवत होता, मी पुढे, ताई मागे. बाबांची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओटे, नळ, उभ्या केलेल्या स्कूटर. राजूने गाडी आत घातली तेव्हा आरसे मिटावे लागले. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पूर्वीपेक्षा बारीक झालेले, सदरा तसाच कडक.

"जय भीम बाबा," मी म्हटलं. "मी शोरूमचा वसंत."

"काय विकायला आलाय हा?" त्यांनी मुलीला विचारलं.

"त्यांना ऐकू कमी येतं. मोठ्याने बोला," ताई म्हणाल्या.

मी जरा मोठ्याने म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चूक माझी होती."

"काय?"

"चूक!" मी ओरडलो. "चूक माझी होती!"

समोरच्या घरातून एक बाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "क्या हुआ? किसकी चूक?" वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. नळावरची दोघं भांडी तशीच ठेवून उभी राहिली. मनातल्या मनात मी जे वर्षानुवर्षं दडवलं, ते मला एका गल्लीला ओरडून सांगावं लागलं. एकेक वाक्य दोनदा, काही तीनदा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून चौकशी सुरू केली.

"बटण कुणी फिरवलं?"

"मी!"

"परत कुणी फिरवायचं होतं?"

"मीच!"

"पोरीनं फोन केला होता?"

"दोनदा!"

"तू काय सांगितलंस?"

"सगळं ठीक आहे म्हणालो!"

बाबांनी काठी गाडीकडे रोखली. "फौजेत गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना देणारा आणि घेणारा दोघं गाडीभोवती फिरतात. आत-बाहेर सगळं बघतात. मग सही. तू फिरलास?"

"नाही!"

"मग तू काय केलंस?"

"फोटो काढला!"

गल्ली हसली. लाटणंवाल्या बाई सगळ्यात जोरात. माझी नक्कल ऐकून माणसं इतकी वर्षं हसत आली होती, पण हे हसणं त्यातलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि ते ऐकून घेतलं. बाबा हसले नाहीत. मुलीकडे बघत म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस, मी कशाला हात लावला नाही म्हणून."

"सांगितलं होतं, बाबा."

"हां."

मग ते म्हणाले, "माझे बूट आण."

ताईंनी बूट आणले. त्यांनी ते स्वतः घातले, नाड्या स्वतः बांधल्या, आणि काठी टेकत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. चारही टायर पाहिले. राजूने धावत जाऊन मागचं दार उघडलं. बाबांनी मान हलवली आणि पुढच्या दाराशी गेले. राजू दुसऱ्या बाजूने स्टिअरिंगकडे निघाला.

"तू नाही," बाबा म्हणाले.

राजूने चावी ताईंच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "काका," तो हळूच म्हणाला, "अपनी तो गई ना नौकरी?"

"म्हैस कोण धरणार?" मी म्हटलं. त्याला ते पटलं.

गल्लीतून बाहेर पडायचं म्हणजे सबंध गाडी उलटी न्यायची होती. दोन्ही बाजूंना वीतभर जागा, मागे नळाचा ओटा आणि एक वळण. ताईंनी सीट पुढे ओढली, मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. अडीच टनांचं ते धूड हलायला लागलं. बाबांनी काच खाली करून हात बाहेर काढला, पंजा मागे. ये. ये. जरा डावीकडे. मूठ. थांब. परत पंजा. गाडी त्या हाताबरोबर मागे सरकत होती. अख्खी गल्ली श्वास धरून ओट्यांवर चढली होती.

वळणाशी ओटा आला. मला वाटलं, आता मूठ होणार. पण तो हात आत गेला आणि काच वर झाली. गाडी थांबली नाही. तशीच, त्याच वेगाने, ओट्याला न शिवता मागे वळत गेली.